पिवळी रेघ

अंबाजोगाई, ९ जून २०२५

बजरंग,

आशीर्वाद आधीच लिहून टाकतो, पुढं राग आला तर राहून जाईल. आठवडा झाला, तू फोन उचलत नाहीस. दोनदा मनिषानं उचलला आणि दोन्ही वेळा तू गोठ्यात होतास. एवढा वेळ गोठ्यात तर बैलसुद्धा राहत नाही. म्हणून कागदावर आलो. फोन कट करता येतो, पोस्टमनला उमापुरात कुणी दारातून परत पाठवत नाही.

आई बरी आहे. डोळ्यात थेंब तुझी वहिनी तारा घालते, दिवसातून चार वेळा. डॉक्टर म्हणाले, ऐंशीच्या मानानं नजर झकास आली. काल समोरच्या गच्चीवरची कबुतरं तिनं मोजून दाखवली, वर त्यातलं एक लंगडं आहे म्हणाली. मी चष्मा लावून बघितलं, खरंच लंगडं होतं.

तू हरलास म्हणून तोंड फिरवलंस, हे मला पटलेलं नाही. टेबलावर ठरलं ते ठरलं, हा नियम तुझा-माझा आहे, गेवराईच्या दुकानापासूनचा. शहाण्णव साली बसस्टँडमागं आपण व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं, औरंगाबादहून तीन जुन्या मशिनी टेम्पोत घालून आणल्या. दोन मशिनींवर मारामारीचे गेम, तिथं पोरांची झुंबड. तिसरी काठीची, बिलियर्डची. तिच्याकडं कुणी ढुंकून बघेना, म्हणून ती आपल्या दोघांची झाली. तिची दांडी तुटली तेव्हा मी सायकलच्या पंपाची मूठ बसवली होती, आणि तू म्हणाला होतास, आता हवा भरून भरून खेळू. त्या हिरव्या टेबलावर आपण किती भांडणं मिटवली. मोटर चालू करायला रानात कुणी जायचं, फटफटी आज कुणाकडं, लग्नाला कुणी आणि मयतीला कुणी. बापूंच्या माघारी त्यांचं घड्याळ पाच डावांत तुझ्या मनगटावर गेलं. मी कधी कुरकुरलो नाही. मी तर बहुतेक वेळा हरायचोच. तुझा हात देवानं दिलेला. मी सातवी नापास, रेडिओ उघडून उघडून शिकलेला गडी, माझ्या हातात पक्कडच शोभते.

मग एक तारखेला मी जिंकलो तर आभाळ कोसळलं का? तीन-एक. आई माझ्याकडं राहील, एवढंच ठरलं. जन्मभर तुझ्याकडं राहिली, आता राहिलेली वर्षं थोरल्याकडं. काकूच्या तेराव्याला पंगतीत लोक काय बोलले ते तूही ऐकलंस. शहादेव म्हणजे सणाचा पाहुणा, आई सांभाळली ती धाकट्यानं. मी मान खाली घालून भात कालवत होतो. हात धुतले आणि सगळ्यांदेखत सांगितलं, डोळ्याच्या ऑपरेशनला आई माझ्याकडं येतेच आहे, ते झालं की माझ्याकडंच राहील. त्यावर तू उभा राहून म्हणालास, "दादा, माय उमापूर सोडून कुठं जायची न्हाई." तू हटेनास, मी हटेना. म्हणून टेबल काढलं. आता तर मशिनही लागत नाही, तोच जुना गेम मी कम्प्युटरवर बसवला, तुझ्या मोबाईलवरही घालून दिला.

तारा मात्र माझ्याशी धड बोलत नाही. म्हणते, आई म्हणजे काय घड्याळ हाय का. बायकांना नियम कळत नाहीत.

फोन उचल.

दादा


अंबाजोगाई, २७ जून

बजरंग,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहितो, तू वाच, आणि वाचून झाल्यावर मनिषाला चुलीत घालायला दे, तेवढाच पाऊसपाण्याचा जाळ.

आईला इथं करमत नाही हे तुला सांगायचं नव्हतं, पण तुला ते कळलंच असेल. अंगण म्हणून मागते तर आमच्याकडं जिना आहे. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गाव विचारते. गेवराईकडचा कुणी निघाला की त्याला पाणी पाजल्याशिवाय सोडत नाही. परवा गॅसची टाकी आणणारा तलवाड्याचा निघाला. त्याला तिनं अर्धा तास धरून ठेवला आणि आपली कपिला गाय व्याली का ते विचारलं. तो बिचारा म्हणाला, आजी, तलवाड्यातून उमापूरची गाय कशी दिसंल. कपिलेचं काय झालं तेवढं तरी कळव. ती रोज विचारते आणि मी रोज "अजून न्हाई" म्हणतो.

भाकरी अर्धी खाते. ताराच्या हाताला मनिषाची चव नाही म्हणते. बजरंग, तुला ठाऊक आहे का, ही बाई किती बोलते? मला वाटायचं आपली आई गरीब गाय. सकाळी उठल्यापासून नुसते प्रश्न, हे असं कावून, ते तसं कावून. तारानं घासलेलं भांडं पुन्हा घासते. रात्री दोनदा उठवावं लागतं, धरून न्यावं लागतं. तक्रार करत नाही, तसा गैरसमज नको. आईचं करायला मिळतं म्हणून धन्यच आहे मी.

तू मनात म्हणत असशील, दादाला असा खेळ कुठून आला. तिसऱ्या डावात मी दोन कडांना आपटून गोटी मधल्या भोकात घातली, तेव्हा फोनवर तू काहीच बोलला नाहीस. एरवी मी असं काही केलं असतं तर म्हणाला असतास, दादा, आज काय पाजलं वहिनीनं. सराव केला, बाबा. थंडीपासून रोज सकाळी बसत होतो. माणूस म्हातारपणी शिकू शकत नाही असं कुठं लिहिलंय? कुणी काही वेगळं म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नकोस.

कुणी काही म्हणालेलं नाही, मी आपलं लिहिलं.

दादा


अंबाजोगाई, १८ जुलै

बजरंग,

पंचमी जवळ आली. आईनं गेल्या सोमवारपासून लावलं आहे की पंचमीला उमापूरला जायचं. झोका बघायचा, वारुळाला जायचं. मी नाही म्हणालो. एकदा गेली की परत यायची नाही, हे मला कळतं. तू तिला परत सोडायचा नाहीस, हेही कळतं. टेबलावर जे ठरलं ते असं मागच्या दारानं फिरवायचं नाही.

ती म्हणाली, "मपल्या घरी जायला मला कुणाची परवानगी लागती व्हय?" मी म्हणालो, हेही तुझंच घर. बाजारात पडलेला भाव सांगणाऱ्याकडं बघावं, तसं तिनं घराकडं बघितलं. मग बोललीच नाही. चार दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. ताराला निरोप देते, तारा मला देते.

सुंदरमामा परवा दवाखान्याच्या कामानं आले होते, जेवून गेले. तुमच्याकडची हकिकत सांगत होते. तू ओसरीला फरशी बसवलीस म्हणे. मनिषा आठ दिवस माहेरी राहून आली, लग्नानंतर अठरा वर्षांत सलग आठ दिवस पहिल्यांदाच. ऐकून मला वाईट वाटलं. घर खायला उठलं असेल तिला, म्हणून गेली असेल मन रमवायला. मामा म्हणाले, तुझी तब्येत सुधारली आहे. मी म्हणालो, दुःखानं माणूस कधीकधी सुजतो. मामांनी माझ्याकडं बघत आणखी एक भाकरी मागून घेतली. जेवून गेले.

तुझा राग मी समजू शकतो, पण एवढा ताणू नकोस. दोन ओळी तरी टाक. आईला वाचून दाखवीन.

दादा


अंबाजोगाई, ३ ऑगस्ट

बजरंग,

हे पत्र एकट्यानं वाच.

पंचमी झाली. आईनं इथंच भिंतीवर गंधाचा नाग काढला आणि दूध ठेवलं. दुपारी मी खाली दुकानात कम्प्युटरपुढं बसलो होतो, कुणाचा तरी सातबारा काढत होतो. ती मागं येऊन खाटेवर बसली, जशी एक जूनला बसली होती. तेव्हा ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते, काळा चष्मा लावून ती मागं बसली होती आणि मला वाटलं होतं, तिला काय दिसणार आणि दिसलं तरी काय कळणार.

ती म्हणाली, "शहादेवा, ती पिवळी रेघ कोण ओढत व्हतं रे?"

मी विचारलं, कसली रेघ.

"त्या दिवशी. तू काठी धरायचा, त्याच्या आधी रेघ यायची. तू रेघंवर काठी न्यायचा आन् मारायचा. म्या सगळं बघितलं. डोळे तूच करून आणले न्हाईस का."

मी म्हणालो, कम्प्युटर ओढतो ती.

"मंग बजरंगासंगं कोण खेळलं? तू का ते?"

बजरंग, मी साठीला आलो, मला कुणी असा प्रश्न विचारला नाही. मी पुन्हा सातबाऱ्यात डोकं घातलं. ती उठून जिन्यात जाऊन बसली.

तर आता ऐक. दत्तजयंतीपासून मी एक बॉट करत होतो. बॉट म्हणजे आपल्या जागी काम करणारा प्रोग्राम. व्हिडिओ बघत शिकलो, चुकलो की पहिल्यापासून. तो पडद्यावरचं टेबल बघतो, कुठली गोटी कुठं आहे ते ओळखतो, मग आपल्या मनानं हजार फटके मारून बघतो. हा कोन, तो कोन, एवढा जोर, तेवढा जोर. त्यातला सगळ्यात बरा फटका पिवळ्या रेघेनं दाखवतो. आपण काठी रेघेवर आणायची आणि बटण दाबायचं. तुझे चाळीस जुने डाव माझ्याकडं साठवलेले होते, त्यांच्यावरच मी त्याला घासूनपुसून तयार केला. तुला दाखवणार होतो रे. उमापूरला येऊन तुला पाचही डाव हरवायचे, तुझं तोंड बघायचं आणि मग हसत हसत सांगायचं, असा बेत होता. थट्टेसाठी केलेली वस्तू होती ती.

एक जूनला मी बॉट चालू केला तो सवयीनं. पहिल्या फटक्याला म्हटलं, एवढाच बघतो. मग दुसऱ्याला. मग मी काही म्हटलंच नाही. मधे एक डाव कम्प्युटर अडकला, रेघ यायची थांबली, तो डाव मी माझ्या हातानं खेळलो आणि तोच तू जिंकलास. पुढं पुन्हा चालू करून घेतला. फोनवर तुला म्हणालो, थांब, लाइट गेली होती. लाइट गेली नव्हती.

आणि खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा जिंकलो तेव्हा मला आईचा आनंद झाला नव्हता. बजरंगला हरवलं, एवढाच झाला होता. आई मागं बसलेली आहे, हेही माझ्या ध्यानात नव्हतं.

तर तो खेळ रद्द. आई तुझी. मी तिला आजच सांगितलं, की बजरंगला सगळं लिहून कळवतो, पोळ्याच्या आत तो येईल आणि तुला घेऊन जाईल. तिनं ताराकडून वेणी घालून घेतली. संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या. शेजारच्या भिवराबाईला सांगून आली की माझा बजरंग येणार.

ये आणि चारचौघांत माझ्या तोंडावर मार, मी हू की चू करणार नाही. पण ये.

दादा


अंबाजोगाई, १४ ऑगस्ट

बजरंग,

तुझं उत्तर मिळालं. दूधवाल्या पिकअपमधून पोतं आलं, आईची लुगडी, पितळी डबा, जपमाळ, पाटा-वरवंट्यातला वरवंटा. पाटा का नाही पाठवलास, जड झाला असेल. पिकअपवाला म्हणाला, बजरंगभाऊनं निरोप दिलाय, जुनं काय उकरायचं, टेबलावर ठरलं ते ठरलं.

आई देवळात गेली होती. पोतं मी दुकानाच्या माळ्यावर टाकलं.

आधी मला वाटलं, तुझा राग आहे. एवढा फसवला गेल्यावर माणूस म्हणणारच, राहू दे तुझी आई तुलाच. मग म्हटलं, याला पुरावा देऊ. बॉट माझा आहे, तो खोटं बोलत नाही. त्या दिवशीचे चारही डाव साठवलेले आहेत. तुझा एकेक फटका बॉटपुढं ठेवायचा आणि विचारायचं, इथं बजरंगनं काय मारायला पाहिजे होतं. सगळी मांडणी करून तुला कळवायचं, की बाबा, मी चोरी केली नसती तर तू इतक्यानं जिंकला असतास. तो कागद आईपुढंही वाचायचा होता.

सकाळी शटर उघडलं आणि बसलो. दुपारी जेवायला गेलो नाही.

त्या चार डावांत एकोणीस वेळा तुझ्यापुढं सरळ गोटी होती. भोकाच्या तोंडाशी, मधे काही नाही, लहान लेकरानं ढकलली तरी पडेल अशी. तुझ्या जुन्या चाळीस डावांत अशा एकोणीस गोट्यांमागं फार तर दोन चुकलेल्या आहेत. त्या दिवशी बारा चुकल्या. आणि चुकल्या म्हणजे हात थरथरला असं नाही. सात वेळा तू ती गोटी सोडून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला काठी नेलीस. शेवटच्या डावात जिंकायची काळी गोटी भोकाच्या काठावर लटकली होती. तुझी काठी तिच्यासमोर होती. तू सव्वा मिनिट थांबलास, मग काठी फिरवलीस आणि रिकाम्या कडेला फटका मारलास. मी इकडं तेव्हा मनात म्हणालो होतो, बिचाऱ्याचा हात आईच्या काळजीनं गेला.

मी तीनदा चालवून बघितलं. वाटलं, बॉटच चुकतोय. मी सातवी नापासानं केलेला बॉट, चुकू शकतो. मग डोळ्यांनी एकेक फटका बघितला. मग बॉट बंद केला आणि पुन्हा नुसत्या डोळ्यांनी बघितला.

तो एक डाव, ज्यात माझा कम्प्युटर अडकला होता, तो तू जिंकलास. जिंकलास नाही. तिथंही तू सहा गोट्या सोडल्या आहेत. पण माझा हात इतका वाईट चालला होता, की तुला तो डाव हरता आला नाही.

म्हणजे तू हरायलाच बसला होतास. आणि मी चोरी करून जिंकत होतो. मी रेघ ओढली नसती तरी तू मला आई दिलीच असतीस.

बजरंग, मला रागावता येत नाही, हे माझं दुखणं आहे. मनिषाची पाठ गेली, हे मला ठाऊक होतं. कशानं गेली, हे मी कधी विचारलं नाही. अठरा वर्षं तिनं आईला उचललं, अठरा वर्षं आईचं "कावून" ऐकलं. मी दोन महिन्यांत दमलो, मग माझ्या तोंडानं तुला काय बोलू. तू घरात बसून मला म्हणाला असतास, दादा, आता आमच्यानं होत न्हाई, तर मी त्याच दिवशी गाडी घेऊन आलो असतो. खोटं नाही सांगत. पण तू पंगतीत छाती काढून म्हणालास, माय कुठं जायची न्हाई. तुला आई नको होती, नाव हवं होतं. आणि मला नाव हवं होतं म्हणून आई हवी होती. एका टेबलावर दोघं चोर बसलो, आणि ती मागं खाटेवर काळा चष्मा लावून.

तुला ती हवी आहे, पत्र वाचलंस की येशील, असं धरून मी तिला शब्द दिला. आता ती वाट बघते आहे. दोन भाकरी खाते. पोळा आठ दिवसांवर आहे.

एकदा ये. ठेवून घेऊ नकोस, चार दिवसांनी आणून सोड. कपिलेपुढं तिला उभी कर, पुरणाचा घास बैलांना तिच्या हातानं दे. मी आणायला येईन, लोकांपुढं भांडून आणल्यासारखं करीन, तुझं नाव मोठंच राहील. एवढं कर.

दादा


अंबाजोगाई, २३ ऑगस्ट

बजरंग,

काल पोळा होता.

सकाळी सहाला आईनं आंघोळ केली, हिरवं लुगडं नेसली आणि गाठोडं घेऊन खालच्या पायरीवर जाऊन बसली. वर बसली तर तुला दिसणार नाही म्हणाली. तारानं बाजारातून मातीची बैलजोडी आणली होती, म्हणाली, आत्या, जरा ओवाळून घ्या. आई म्हणाली, "मातीच्याला कोण ओवाळतं. घरी जिते हायत, बजरंग आला की जाऊनच ओवाळते."

दहा वाजले. मी तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. मनिषाला लावला. तिनं उचलला. मी म्हणालो, ताई, मी कुणाला काही बोलणार नाही, फक्त चार दिवस. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "भावजी, चार दिसासाठी आल्या तर परत जायच्या न्हाईत. तुमाला ठाव हाय." आणि रडायला लागली. मी म्हणालो, रडू नकोस, पोळा आहे आज. फोन मीच ठेवला. तिला काही म्हणू नकोस. तिच्या रडण्यात मला खोटं दिसलं नाही, तुम्हा दोघांत तेवढं एकच खरं ऐकायला मिळालं.

बारा वाजले. भिवराबाई येऊन म्हणाली, काय वो, न्हाई आला का ल्योक. आई म्हणाली, रस्त्यात हाय, गाडी बिघडली आसंल. एक वाजता पुरणपोळी ताटात घालून तारा खाली गेली, तर ताट परत आलं. दोन वाजता तिनं मला हाक मारली. पंचमीपासून पहिल्यांदा स्वतःहून नावानं हाक मारली.

म्हणाली, "तू लिवलंस ना त्याला? समदं लिवलंस ना?"

मी म्हणालो, लिहिलं.

"मंग तो कावून येईना?"

बजरंग, उन्हात तिच्या कपाळावरचा बुक्का ओघळला होता. तिची नजर आता झकास आहे, माझ्या तोंडावर काय आहे ते तिला दिसत होतं. मी तिच्याकडं न बघता बोललो. म्हणालो, आला होता. सकाळीच आला होता, मोंढ्याच्या कोपऱ्यापर्यंत. मी जाऊन अडवला. हात जोडत होता, माझी माय द्या म्हणत होता. मी त्याला हाकलून दिला. तू इथंच राहायचं, मी तुला सोडणार नाही.

तारा दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला.

आई उठली. पायरीला धरून उठली, आणि हातातल्या गाठोड्यानं तिनं मला मारलं. दोनदा. लागलं काही नाही, आत लुगडीच होती. म्हणाली, "रडत गेला का रं तो?" मी म्हणालो, हो. "जेवला व्हता का?" मी म्हणालो, ते विचारलं नाही. त्यावर ती मला जे बोलली ते मी लिहीत नाही. बापूंनाही कधी बोलली नसेल. मग वर जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपली. संध्याकाळी ताराच्या हातानं चार घास खाल्ले. माझ्या हातचं पाणी घेत नाही.

आज सकाळपासून जिन्यावर बसून सगळ्यांना सांगते आहे. थोरला कसाई हाय, धाकटा माझा देवमाणूस, रडत माघारी गेला. गॅसवाल्याला सांगितलं, भिवराबाईला सांगितलं, पोस्टमन आला त्याला सांगितलं. पोस्टमन माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं करून गेला. सांगता सांगता तिचा आवाज चढतो, डोळे चमकतात. दोन महिन्यांत मी तिला एवढी जिवंत बघितली नव्हती.

कम्प्युटरवरून तो गेम मी काढून टाकला. तुझ्याही मोबाईलवरून काढ.

आता तुझं काम एवढंच. इकडं येऊ नकोस. कुणाच्या लग्नाला, मयतीला ती भेटली तर डोळ्याला पाणी आण, तेवढं तुला जमेल. ताराच्या फोनवरून ती तुला फोन लावील, रोज लावील. कधीतरी उचल. घ्यायला कधी येतोस विचारलं, तर दादा सोडत नाही म्हणून सांग. खोटं बोलतोय असं वाटून घेऊ नकोस. मी आता खरंच सोडत नाही.

शहादेव